जेल पॉलिश चार दिवसांत सुटतंय? आधी क्युटिकल बघा

सलॉनमध्ये नेल्सचं काम नव्याने सुरू केलं की सगळं लक्ष नेल आर्टकडे जातं. पण ग्राहक परत येते ती जेल टिकलं तर, आणि ते सुटतं बहुधा तयारीतल्या घाईमुळे. नखाच्या मुळाशी चिकटलेला पातळ, पारदर्शक पापुद्रा, म्हणजेच क्युटिकल, पुशरने हळूच मोकळा करून काढा. तो राहिला की जेल नखाऐवजी त्या मेलेल्या कातडीला धरतं. मग बफरने फक्त चकाकी घालवा, नख झिजवू नका. धूळ झाडून डिहायड्रेटर (नखावरचं तेल आणि ओलावा काढणारं द्रव) लावा. त्यानंतर नखाला कुणाचाच हात नको, ग्राहकाने केसांतूनही हात फिरवायचा नाही (आपल्याकडे डोक्याला तेल असतंच!).

जेल कातडीवर आलंच तर हात जेल कडक करणाऱ्या लॅम्पखाली जाण्याआधी पुसून घ्या. कच्च्या जेलमधल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनाची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सुटत नाही, आणि तुम्ही तर ते रोज हाताळणार. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालाच. लॅम्प शक्यतो जेलच्याच कंपनीचा घ्या. नाहीतर वरून कडक दिसणारं जेल आत कच्चं राहू शकतं.