कोणत्याही पीसीवर बसा, होम डिरेक्टरी आपलीच: एनएफएस आणि ऑटोएफएस कसे बसवावे

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब घ्या, नाहीतर अंबड-सातपूर एमआयडीसीतले डिझाइन ऑफिस. पीसी थोडे, वापरणारे जास्त, आणि काल जिथे बसलो तिथेच आज जागा मिळेल याची खात्री नाही. मग "सर, माझा प्रोग्राम सात नंबरच्या पीसीवर राहिलाय" हे दर प्रॅक्टिकलला ऐकू येते, पेनड्राइव्ह हातोहात फिरतात आणि सबमिशनच्या तोंडावर नेमका तोच पीसी फॉरमॅट झालेला असतो. मुलांची मेहनत अशी वाया जाऊ देण्याचे काही कारण नाही. लिनक्सवर यावर पक्का इलाज आहे, आणि त्याला लायसन्सचा एक रुपयाही लागत नाही.

इलाज असा: सगळ्यांच्या होम डिरेक्टरी, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइलींच्या जागा, एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि जो लॉगिन करेल त्याचीच डिरेक्टरी त्या पीसीवर आपोआप जोडायची. नेटवर्कवरून डिरेक्टरी देण्याचे काम एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) करते. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९८४ मध्ये आणले आणि आजही युनिक्सच्या दुनियेत तेच चालते. मागितल्यावर जोडायचे आणि काम संपल्यावर सोडायचे, हे काम ऑटोमाउंटरचे. लिनक्सवर त्याचे नाव ऑटोएफएस.

एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे जोडायचे याची यादी असलेल्या फाइलीत, एक ओळ टाकून बूट होतानाच सगळे जोडता येते, मग ऑटोमाउंटर कशाला, असे बरेच जण विचारतात. एक-दोन पीसी असतील तर जरूर तसे करा. पण पावसाळ्यात वीज जाऊन आली की सगळे पीसी एकदम सुरू होतात, सर्व्हर मात्र डिस्क तपासत मागे राहतो. एफएसटॅबवाले पीसी तेव्हा सर्व्हरची वाट बघत बूटमध्येच अडकतात किंवा डिरेक्टरी न जोडताच पुढे जातात, आणि मग एकेक पीसी पुन्हा सुरू करत फिरावे लागते. ऑटोएफएस पंचवटीतल्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा वागतो: यात्रेकरू दारात आला की खोली उघडायची, तो गेला की कुलूप लावायचे. बूट होताना तो सर्व्हरकडे फिरकतही नाही.

आत घडते ते असे. सायलीने लॉगिन केले की लॉगिन प्रोग्राम तिच्या होम डिरेक्टरीत शिरू पाहतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला दारातच थांबवतो आणि ऑटोमाउंट नावाच्या डीमनला, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो. डीमन आपल्या नकाशा-फाइलीत सायलीचा पत्ता शोधतो, तिची डिरेक्टरी माउंट करतो म्हणजे जोडतो, कर्नलला कळवतो, आणि लॉगिन प्रोग्राम पुढे जातो. सायलीला यातले काहीच दिसत नाही. ती गेल्यावर ठरलेला वेळ कोणी त्या डिरेक्टरीला हात लावला नाही, की डीमन ती सोडून देतो.

खालच्या आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अक्षरे आणि आकडे नेहमीप्रमाणे इंग्रजीत टाइप करायचे. उदाहरण उबुंटूचे आहे. सर्व्हरचे नाव 'गोदा', पत्ता १९२.१६८.१०.५.

आधी खात्यांचे नंबर जुळवा

या सगळ्या कामातली सर्वात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि घाईत नेमकी हीच सुटते. साध्या मांडणीत एनएफएस नावावर चालत नाही, यूआयडीवर, म्हणजे खात्याच्या नंबरावर, चालते. पीसी सर्व्हरला फक्त "मी १००५ नंबरचा" एवढेच सांगतो आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. सर्व्हरवर १००५ ही सायली असेल आणि सात नंबरच्या पीसीवर १००५ हा ओंकार असेल, तर त्या पीसीवरून ओंकारला सायलीच्या फाइली उघडता येतील, पुसताही येतील. पासवर्ड याला आडवा येत नाही.

म्हणून प्रत्येक वापरकर्त्याचा यूआयडी सर्व्हरवर आणि सगळ्या पीसींवर एकच हवा. उबुंटू पहिल्या खात्याला १००० नंबर देते, म्हणजे प्रत्येक पीसीवर १००० हा कोणीतरी वेगळा निघणार. विद्यार्थ्यांचे नंबर ५००० पासून पुढे सुरू करा, म्हणजे टक्कर होणार नाही. खाते काढताना युजरअ‍ॅडला '-यू' देऊन नंबर स्वतः सांगता येतो, आणि 'आयडी सायली' ही आज्ञा दोन-तीन पीसींवर चालवून नंबर जुळतो का ते बघता येते. वीस-पंचवीस खाती असतील तर एक छोटी स्क्रिप्ट पुरते. शेकडो असतील तर मात्र एलडॅप किंवा फ्रीआयपीए बसवाच. खाती आणि पासवर्ड एका जागी आले की पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

सर्व्हर

राउटरमध्ये गोदाचा आयपी पत्ता पक्का करा आणि प्रत्येक पीसीच्या /ईटीसी/होस्ट्स फाइलीत तिचे नाव टाका. मग गोदावर:

सुडो एपीटी इन्स्टॉल एनएफएस-कर्नल-सर्व्हर

/एक्सपोर्ट/होम ही डिरेक्टरी तयार करून तिची परवानगी ७५५ ठेवा. तिच्या आत प्रत्येकाची डिरेक्टरी करा, मालकी त्या त्या वापरकर्त्याला द्या आणि परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) ठेवा. /ईटीसी/स्केल मधल्या, नव्या खात्याला सुरुवातीला द्यायच्या फाइली त्यात टाकायला विसरू नका, नाहीतर टर्मिनल उघडल्यावर मुलांना ओकेबोके प्रॉम्प्ट दिसेल. आता /ईटीसी/एक्सपोर्ट्स मध्ये ही एक ओळ:

/एक्सपोर्ट/होम १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नका. एक स्पेस पडली तर अर्थ उलटा होतो: तुमच्या लॅबला फक्त वाचायची परवानगी मिळते आणि कंसातली लिहिण्याची परवानगी बाकी साऱ्या जगाला जाते. ओळ डोळ्यांना बरोबरच दिसते, त्यामुळे हा दोष सापडायला वेळ लागतो.

'सुडो एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा, मग 'सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही' ने नक्की काय कोणाला दिले ते वाचून बघा. फायरवॉल असेल तर एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला टीसीपीचे २०४९ हे एकच पोर्ट पुरते.

हाताने जोडून बघा

लगेच ऑटोएफएसकडे धावू नका. एका पीसीवर एनएफएस-कॉमन हे पॅकेज घाला आणि आधी हाताने माउंट करा:

सुडो माउंट -टी एनएफएस४ गोदा:/एक्सपोर्ट/होम /एमएनटी

सायली म्हणून लॉगिन करून /एमएनटी/सायली मध्ये एक फाइल बनवा, ती गोदावर दिसते का आणि मालक म्हणून सायलीच दिसते का ते पाहा. मालक 'नोबडी' दिसला तर दोन्हीकडे /ईटीसी/आयडीमॅपडी.कॉन्फ मधले डोमेन एकच आहे का ते तपासा. सुडो वापरून मात्र सायलीच्या डिरेक्टरीत शिरता येणार नाही, 'परमिशन डिनाइड' येईल. तो दोष नाही. एनएफएस सर्व्हर दुसऱ्या मशीनच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, मुद्दाम परका समजतो, आणि लॅबमध्ये तसेच हवे. /ईटीसी/एक्सपोर्ट्स मध्ये नो_रूट_स्क्वॅश घालून ही अडचण 'सोडवू' नका, कारण मग कुठल्याही एका पीसीचा रूट सगळ्यांच्या फाइलींचा मालक होतो.

हे चालले तरच /एमएनटी अनमाउंट करून पुढे जा.

ऑटोएफएस

पीसीवर ऑटोएफएस हे पॅकेज घाला. /ईटीसी/ऑटो.मास्टर या मुख्य फाइलीला हात लावायची गरज नाही. /ईटीसी/ऑटो.मास्टर.डी या डिरेक्टरीत 'घर.ऑटोएफएस' नावाची फाइल करा. शेवटचा '.ऑटोएफएस' हवाच, नाहीतर ती वाचली जात नाही. तिच्यात:

/होम /ईटीसी/ऑटो.होम --टाइमआउट=३००

म्हणजे /होम च्या खाली कोणी काही मागितले तर ऑटो.होम या नकाशात बघा आणि ३०० सेकंद कोणी वापरले नाही तर सोडून द्या. आता /ईटीसी/ऑटो.होम मध्ये एकच ओळ:

* -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू,हार्ड,नोसुइड,नोडेव्ह गोदा:/एक्सपोर्ट/होम/&

या एका ओळीत दोनशे विद्यार्थी बसतात. * हा तारा म्हणजे मागितलेले कोणतेही नाव, आणि & च्या जागी तेच नाव येऊन बसते. /होम/सायली मागितले की गोदावरची /एक्सपोर्ट/होम/सायली जोडली जाते. जूनमध्ये नवे वर्ग आले की खाती आणि सर्व्हरवरच्या डिरेक्टरी वाढतात, पीसीवरचा हा नकाशा तसाच राहतो.

सेवा सुरू करण्याआधी थांबा. ऑटोएफएसने /होम ताब्यात घेतले की पीसीच्या स्वतःच्या डिस्कवर /होम मध्ये जे आहे ते झाकले जाते. पुसले जात नाही, पण दिसतही नाही. तुमचे अ‍ॅडमिन खाते तिथेच असेल तर तुमचीच होम डिरेक्टरी गायब होईल. म्हणून आधी सुडोचा अधिकार असलेले एक वेगळे खाते काढा आणि त्याची होम डिरेक्टरी /व्हार/लोकल च्या खाली ठेवा. त्या खात्यातून लॉगिन करून बघा. चालले, की मगच:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ऑटोएफएस

/होम ऐवजी /घरे असे वेगळे ठिकाण निवडून हा प्रश्न टाळावा असे वाटेल. उबुंटूवर ते करू नका. २२.०४ पासून तिथे फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूचे बंदिस्त पॅकेज) म्हणून येतो आणि होम डिरेक्टरी /होम च्या बाहेर असली की स्नॅप अडून बसतात.

आता 'एलएस /होम' केले तर काहीच दिसणार नाही. घाबरू नका. कोणी नाव घेईपर्यंत काही जोडलेच जात नाही, आणि ताऱ्याच्या नकाशात आधीपासून यादी दाखवायला नावेच नसतात. 'एलएस /होम/सायली' करा, मग 'डीएफ -एच' करा, गोदाची ओळ दिसेल. लॅब असिस्टंटना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिकामे /होम बघून सगळ्यांचा डेटा उडाला म्हणून फोन येईल.

हार्ड की सॉफ्ट

वरच्या ओळीतला 'हार्ड' काढून 'सॉफ्ट' घालण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, कारण सर्व्हर बंद पडला की हार्डवाले प्रोग्राम गोठतात. होम डिरेक्टरीसाठी हा सल्ला घेऊ नका. हार्डमध्ये प्रोग्राम थांबतो, आणि गोदा परत आली की जिथे थांबला तिथून पुढे लिहू लागतो. सॉफ्टमध्ये काही प्रयत्नांनंतर प्रोग्रामला चूक कळवली जाते. कित्येक प्रोग्राम ती नीट हाताळत नाहीत, आणि फाइल अर्धवट लिहिली जाते. मुलीचा प्रोजेक्ट अर्धा लिहिला जाण्यापेक्षा स्क्रीन दहा मिनिटे गोठलेली परवडली. खर्च करायचाच तर सर्व्हर आणि नेटवर्क स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. स्विच बहुतेक वेळा विसरला जातो.

चालत नसेल तर

अंदाज बांधत बसू नका, डीमनलाच बोलते करा. 'सिस्टमसीटीएल स्टॉप ऑटोएफएस' करून सेवा थांबवा आणि एका टर्मिनलवर 'सुडो ऑटोमाउंट -एफ -व्ही' चालवा. दुसऱ्या टर्मिनलवरून /होम/सायली उघडा. कुठला नकाशा वाचला, काय माउंट करू पाहिले, कशावर अडले, हे सारे पहिल्या टर्मिनलवर छापून येते.

दोन गोष्टी मात्र तिथेही चकवतात. नकाशा-फाइलीला एक्झिक्यूट परवानगी असेल तर ऑटोएफएस ती यादी म्हणून वाचत नाही, प्रोग्राम समजून चालवू पाहतो. पेनड्राइव्हवरून एकेका पीसीवर कॉपी केलेल्या फाइलींना ही परवानगी हमखास चिकटते, म्हणून ऑटो.होम ची परवानगी ६४४ करा. दुसरे म्हणजे, एखादे नाव एकदा सापडले नाही की ऑटोएफएस ते अपयश एक मिनिट लक्षात ठेवतो. दुरुस्ती करून लगेच पाहिले तरी जुनीच चूक दिसते आणि माणूस बरोबर केलेले पुन्हा बिघडवतो. मिनिटभर थांबा, किंवा सेवा पुन्हा सुरू करा.

फेडोरा किंवा रेड हॅट असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेला नेटवर्कवरच्या होम डिरेक्टरीची परवानगी द्यावी लागते: 'सेटसेबूल -पी यूज_एनएफएस_होम_डर्स ऑन'. सोलारिसवर /होम मुळातच ऑटोमाउंटरच्या ताब्यात असते, आणि तिथे फाइलींच्या नावात टिंबाऐवजी अंडरस्कोर येतो, ऑटो_मास्टर, ऑटो_होम. मॅकवरही तीच नावे. एखादीच ठरलेली डिरेक्टरी हवी असेल तर एफएसटॅबमध्ये 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हा पर्याय घालून सिस्टमडीकडूनही, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या मुख्य प्रोग्रामकडूनही, काम होते, पण ताऱ्याची सोय तिथे नाही.

रोजच्या वापरात

एकच खाते दोन पीसींवर एकाच वेळी उघडले की फायरफॉक्स दुसरीकडे प्रोफाइल वापरात असल्याचे सांगून थांबतो. विद्यार्थ्यांना लॉगआउट करायची सवय लावा. नुसती स्क्रीन लॉक करून गेले तर डिरेक्टरीही जोडलेलीच राहते. मोठ्या प्रोग्रामचे कंपाइल पीसीच्या /टीएमपी मध्ये करायला सांगा. गिगाबिट नेटवर्कची वरची हद्द सेकंदाला १२५ मेगाबाइट, आणि ती सगळ्या वर्गात वाटली जाते. शेकडो बारीक फाइली एकदम लिहायला लागल्या की सर्वांनाच जाणवते.

आता सगळ्यांचे काम एकाच डिस्कवर आले आहे, तेव्हा कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या जागेची मर्यादा, लावा आणि रोज रात्री आरसिंकने दुसऱ्या मशीनवर प्रत घ्या. ते मशीन दुसऱ्या खोलीत ठेवलेले बरे.

गोदा दुरुस्तीसाठी बंद करायची असेल तर आधी सगळ्या पीसींवर ऑटोएफएस थांबवा. कुठे 'डिव्हाइस इज बिझी' आले तर 'सुडो फ्यूजर -व्हीएम /होम/सायली' कोणता प्रोग्राम डिरेक्टरी धरून बसलाय ते सांगतो. तो बंद करून पुन्हा अनमाउंट करा, आणि मगच सर्व्हरच्या बटणाला हात लावा.