वहीत न दिसणारा खर्च: कसा शोधायचा, कसा मोजायचा आणि त्यातला कुठला कमी करायचा

माल, मजुरी, वीज, भाडं, गाडीभाडं सगळं वहीत चढलेलं असतं आणि तरी वर्षाखेर हातात वाटलं होतं त्यापेक्षा कमीच उरतं, हे इंदूरमधल्या कितीतरी छोट्या कारखानदारांकडून ऐकतो मी, सांवेर रोडचे असोत की पालद्याचे. माझं काम हिशोबाचं, त्यामुळे लोक टॅली उघडून पुढे करतात, बघा बुवा कुठे गळतंय. बहुतेक वेळा गळती मालात नसतेच. परवानगीची वाट बघण्यात, उधारीच्या मागे लागण्यात, तोच कागद तिसऱ्यांदा देण्यात, सही करणारे साहेब आज आलेच नाहीत यात पैसा जातो. अर्थशास्त्रात याला संस्थात्मक खर्च म्हणतात. वस्तू बनवायला लागतो तो वेगळा, हा माणसांनी एकमेकांशी व्यवहार करायला, नियम ठरवायला, पाळायला आणि पाळून घ्यायला लागतो. हा मोजता येतो, आणि बराचसा आपल्या हातातही असतो.

थोडं मागचं सांगतो कारण ते कळलं की पुढचं सोपं जातं. १९३७ साली रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञांनी विचारलं की बाजारात सगळं विकत मिळतं तर कंपनी नावाची गोष्ट असतेच कशाला, रोज लागेल ते काम बाहेरून करून घ्यावं. उत्तर असं की बाजारातून घेणं फुकट नसतं, भाव काढा, माणूस शोधा, घासाघीस करा, लिहून घ्या, माल तपासा, बिघडला तर भांडा. हे सगळं मिळून जेव्हा घरात माणूस ठेवण्यापेक्षा महाग पडतं तेव्हा काम आत घेतलं जातं. याच कामासाठी त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. पुढे जॉन वॉलिस आणि डग्लस नॉर्थ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेचा हिशोब मांडला, तर व्यवहार सांभाळायच्या कामांचा वाटा १८७० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण पाव हिस्सा होता आणि १९७० पर्यंत निम्म्याच्या वर गेला. म्हणजे अर्धा देश वाया गेला असं समजू नका, बँका, वकील, हिशोबनीस, घाऊक व्यापारी, मॅनेजर हे सगळे त्यात येतात आणि त्यांच्यामुळेच अनोळखी माणसं हजार किलोमीटरवरून एकमेकांशी धंदा करू शकतात. खर्च शून्य करणं हा हेतू नसतो, ज्या खर्चातून काहीच मिळत नाही तो शोधायचा असतो.

पहिलं काम, महिनाभर एक वही

साधी वही घ्या, मोबाईलवर एक्सेल चालत असेल तर ते. प्रत्येक वेळी काम अडलं की एक ओळ लिहायची, काय अडलं, कोणामुळे, किती वेळ गेला, रोख किती गेली. ऑफिसच्या चकरा, फोनवर फोन, कुरिअरने परत आलेले कागद, उधारी मागायला गेलेला पोरगा, सगळं. पेरूमध्ये हर्नांडो दे सोतो या अर्थतज्ज्ञांच्या माणसांनी हेच केलं होतं, लिमा शहराच्या कडेला एकच कामगार असलेलं कपडे शिवायचं छोटं वर्कशॉप कायदेशीर नोंदवून बघितलं, रोज तासन्‌तास त्याच्याच मागे. २८९ दिवस लागले आणि १,२३१ डॉलर, तिथल्या महिन्याच्या किमान पगाराच्या तीसपटीहून जास्त. परवाना काढायला त्रास होतो हे तिथे प्रत्येकाला माहीत होतंच, पण आकडा समोर आल्यावर सरकारला त्याकडे डोळेझाक करणं अवघड झालं.

वेळेची किंमत लावायला घाबरू नका. समजा तुमच्या माणसाचा पगार २४,००० आहे, २६ दिवस आणि रोज ८ तास धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासाला साधारण ११५ रुपये. मालक स्वतः गेला तर तेवढ्या वेळात तो कुठला ऑर्डर आणू शकला असता ते बघा, ११५ लावून मोकळे होऊ नका. आणि पडून राहिलेल्या पैशावर व्याज लावा, हे लोक हमखास विसरतात. ४ लाखांची उधारी ठरल्यापेक्षा ९० दिवस उशिरा आली आणि तुमची ओव्हरड्राफ्ट १२ टक्क्यांची असेल तर जवळपास ११,८०० रुपये गेले, आणि वहीत त्याची ओळ कुठेच नाही, ते बँकेच्या व्याजात मिसळून गेलं.

आतल्या सह्या आधी बघा

सगळे सरकारकडे बोट दाखवतात, पण माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात स्वतःच्या कारखान्यापासून करावी, कारण तिथे नियम बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. एका पॅकिंग युनिटमधली गोष्ट सांगतो. मशीनचं बेअरिंग गेलं, किंमत ६४० रुपये, सियागंजात मिळतं, पोरगा गाडीवर जाऊन तासाभरात आणेल. पण नियम असा की कुठलीही खरेदी तीन कोटेशन आणि मालकाच्या सहीशिवाय नाही, मालक त्या दिवशी देवासला. अकरा वाजता बंद पडलेलं मशीन चारला सुरू झालं. त्या मशीनचा तासाचा नफा ९०० रुपये धरला तरी ४,५०० गेले, शिवाय तीन माणसं नुसती बसून. हा नियम मालकाने उगाच केला नव्हता, आधी कोणीतरी बिलात गडबड केली होती म्हणून केला, आणि मग तो पाच लाखांच्या खरेदीला जसा तसाच ६४० रुपयांनाही लागू झाला. बदललं एवढंच की २,००० पर्यंत सुपरवायझरने स्वतः घ्यायचं, बिलं शनिवारी दाखवायची, मालकाने त्यातली कुठलीही दोन उचलून दुकानात फोन लावून भाव पडताळायचा. राखण तशीच राहिली, मशीनचं थांबणं गेलं.

तुमच्याकडेही असंच करा, प्रत्येक सहीसमोर लिहा की ही कशासाठी सुरू झाली, चूक झाली तर जास्तीत जास्त किती रुपये जातील, आणि सहीपायी महिन्याला किती जातात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर सही काढा किंवा तिची मर्यादा वाढवा.

बाहेरून करून घ्यायचं की घरात, हेही याच वहीवरून ठरतं. लेबल छापणारा दर वेळी उशीर करतो म्हणून लगेच छपाई मशीन घेऊ नका, आधी बघा की उशीर त्याच्यामुळे होतोय की तुमचं डिझाईन शेवटच्या दिवशी फायनल होतं म्हणून.

उधारी

इंदूरच्या बाजारात उधारीवरच सगळं चालतं आणि मागायला लाज वाटते, संबंध बिघडतील म्हणून. पण एक काम आजच करा, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते आणि पूर्ण फुकट आहे. सरकारीसारख्या दिसणाऱ्या साईट पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका, पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतोय का तेवढं बघा. मग बिलावर उद्यम नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात असं २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही असं आलंय की मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. हे नुसतं नम्रपणे कळवलं तरी फरक पडतो, कारण आता त्याचा सीएच त्याच्या मागे लागतो. एक लक्षात ठेवा, हे माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदाराला हे संरक्षण मिळत नाही.

सरकारी काउंटरवर

सार्वजनिक सेवेत हा खर्च कोणाच्या खिशातून जातो ते नीट बघायला पाहिजे, मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑफिसने एक माणूस कमी केला तर ऑफिसच्या खात्यात बचत दिसते, पण बाहेर लाईनमध्ये उभ्या असलेल्या माणसांची दिहाडी बुडते आणि ती कुठल्याच बजेटमध्ये येत नाही. पगारी माणूस सुट्टी टाकतो, त्याचं फार बिघडत नाही. घरकाम करणारी मावशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोनदा गेली तर तिची दोन दिवसांची कमाई गेली, दाखल्याची फी त्यामानाने काहीच नाही.

आपल्या मध्य प्रदेशाने यात एक चांगलं काम केलंय, २०१० साली लोकसेवा गॅरंटी कायदा आणला, देशात पहिला. त्यात ठरवून दिलेल्या सेवेला मुदत आहे, आणि विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० दंड होऊ शकतो. आधी उशीर झाला की भुर्दंड फक्त नागरिकाला, आता थोडा तरी पलीकडच्या खुर्चीकडे सरकला. पण फायदा तेव्हाच जेव्हा तुम्ही अर्ज लोकसेवा केंद्रातून टाकाल आणि पावती घ्याल, तिच्यावर काम कधी होणार ती तारीख असते. तोंडी ‘हो जाएगा’ वर निघून येऊ नका. तारीख उलटली की पहिलं अपील, तिथे नाही झालं तर दुसरं. साधी चौकशी किंवा तक्रार असेल तर सीएम हेल्पलाईनच्या १८१ नंबरवर फोन. आणि घरातल्या, शेजारच्या ज्यांना फॉर्म वाचता येत नाही त्यांच्यासोबत एकदा जा, खरंच जा, त्यांचा अर्धा खर्च फॉर्म चुकल्यामुळे परत येण्यातच जातो.

स्वतः सोसायटी, शाळेची समिती किंवा बचत गट चालवत असाल तर तुम्हीही कोणासाठी तरी काउंटरच आहात. जो कागद एकदा घेतला तो पुन्हा मागू नका, आणि काय काय लागेल ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्या.

नियम बदलला की सगळ्या बाजाराचं काय होतं

माळव्यातलंच उदाहरण. २००० साली आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केलं, गावातल्या कॉम्प्युटरवर भाव दिसायला लागला. त्याआधी शेतकरी ट्रॉली भरून मंडीत यायचा, भाव तिथेच कळायचा, आणि नाही पटला तरी परत न्यायचं भाडं परवडत नाही म्हणून विकून जायचा. अपराजिता गोयल यांचा २०१० साली आलेला अभ्यास सांगतो की यामुळे मंडीतलाही सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्के वाढला आणि सोयाबीनखालचं क्षेत्रही वाढलं. म्हणजे ज्याने कंपनीला एक दाणा विकला नाही त्यालाही फायदा झाला, कारण आता व्यापाऱ्याला माहीत होतं की समोरच्याला भाव ठाऊक आहे.

तसंच नाक्यांचं. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, आणि १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने परिवहनचे चेकपोस्टही बंद केले, सेंधव्याकडून महाराष्ट्रात गाडी पाठवणाऱ्यांना त्याची किंमत माहीत आहे. ट्रक उभा राहिला तरी कर्जाचा हप्ता आणि ड्रायव्हरचा भत्ता चालूच असतो. असा नियम बदलला की ट्रान्सपोर्टरकडे जाऊन भाडं आणि पोचायची मुदत पुन्हा बोलून घ्या, तो आपणहून कमी करणार नाही.

काय कापायचं नाही

वही भरली की ओळींसमोर खूण करा, कुठली काढून टाकता येईल, कुठली कमी होईल, कुठली ठेवायचीच. तिसऱ्या खुणेत घाई नको. वजनकाटा तपासून घेणं, मसाल्याची लॅब टेस्ट, बँकेच्या पेमेंटवर दुसऱ्याची मंजुरी, भागीदारासोबतचा लेखी करार, अगदी सख्खा भाऊ असला तरी. यात वेळ जातो पण याच्याच जोरावर अनोळखी गिऱ्हाईक तुमच्याकडून माल घेतं आणि भांडण झालं तर मिटतं. काढायच्या ओळींत सगळ्यात महागडी असेल ती एकच आधी घ्या, महिनाभर बदल करून बघा, आकडा उतरला तरच दुसरीला हात लावा, आणि बाहेरच्या ऑफिसात तक्रार न्यायची असेल तेव्हा याच वहीची तारखेसह फोटोकॉपी अर्जाला जोडा.