लिनक्सवर सर्व्हर आणि डेटाबेस टाकताय? मग या चुका टाळा

इन्स्टॉल करणं आता अवघड राहिलेलंच नाही, दोन कमांड मारल्या की एनजिनएक्स हा वेबसर्व्हर पण येतो आणि पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल हा डेटाबेस पण. लोक अडकतात ते त्याच्या पुढे, ॲप डेटाबेसला जोडताना. आणि तिथे एरर आला की तो नीट न वाचता सापडेल ती कमांड मारत सुटायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण कुठे अडलंय ते बहुतेक वेळा त्या एररमधेच लिहिलेलं असतं.

कनेक्शनचेच एरर बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत तुम्ही पोचलाय पण त्या पोर्टवर (सर्व्हिसचा नंबर दिलेला दरवाजा) कोणी ऐकत नाहीये, म्हणजे सर्व्हिस बंद आहे नाहीतर ती फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून, ऐकतेय आणि तुम्ही बाहेरून येताय. 'टाइम्ड आउट' आलं की आधी फायरवॉलवर, म्हणजे नको ती कनेक्शन अडवणाऱ्या भिंतीवर, संशय घ्या. आणि 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर नेटवर्क ठीक आहे हो, उत्तर खुद्द डेटाबेसनेच दिलंय, गडबड युजर-पासवर्डमधे आहे. तरी लोक फायरवॉल अख्खा बंद करतात, मग परत चालू करायचं राहून जातं आणि मायएसक्यूएलचा ३३०६ नाहीतर पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट सगळ्या इंटरनेटला उघडा पडतो. त्यापेक्षा 'एसएस -टीएलएनपी' मारा, कुठला पोर्ट कुठल्या ॲड्रेसवर ऐकतोय ते लगेच दिसतं.

मायएसक्यूएलच्या 'ॲक्सेस डिनाइड'मधे ॲट चिन्हाच्या पुढे जे लिहिलंय ते वाचाच. युजर तुम्ही ॲप ॲट लोकलहोस्ट असा बनवलाय आणि एररमधे ॲप ॲट १७२.१७.०.२ दिसतंय, म्हणजे ॲप कंटेनरमधून (मशीनच्या आतला वेगळा कप्पा, त्याचा ॲड्रेस पण वेगळा) येतंय आणि मायएसक्यूएलच्या लेखी तो युजर वेगळाच आहे, पासवर्ड दहा वेळा बदलून काही होणार नाही. सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे त्याच मशीनवर डेटाबेसला जोडणारी खास फाईल) २००२ एरर आला तर शेवटी कंसातला आकडा बघायचा, २ म्हणजे सॉकेट फाईलच नाही, १३ म्हणजे फाईल आहे पण परवानगी नाही.

पोस्टग्रेसमधे उबंटू-डेबियनवर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' हमखास येतं. पीअर म्हणजे लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा युजर एकच हवा, त्यामुळे 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' असं आत जायचं, बस. इथे वैतागून पीजी_एचबीए फाईलमधे (कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी फाईल) 'ट्रस्ट' लिहू नका, कळकळीने सांगतोय, त्या ओळीत जो बसेल तो मग पासवर्डशिवाय आत. त्या फाईलमधे वरून खाली जी पहिली ओळ जुळते तीच लागू होते, ती फेल झाली तर पुढची बघितली जात नाही, म्हणून तुमची नवीन ओळ तळाशी टाकून उपयोग नसतो. ही फाईल बदलली की रीलोड पुरतं पण लिसन_ॲड्रेसेस (कुठल्या ॲड्रेसवर ऐकायचं ती सेटिंग) बदललं तर रीस्टार्टच लागतो. आणि बदल लागतच नसेल तर 'शो एचबीए_फाईल' चालवून बघा, भलतीच फाईल एडिट होत असते.

आता ७७७. परमिशनचा एरर दिसला की सीएचमॉड ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) मारायची सवय सोडा. पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरला ७७७ दिलं तर तो चालूच होत नाही, त्याला ०७०० (फक्त मालकाला परवानगी) लागतं, पोस्टग्रेस ११ पासून ०७५० (ग्रुपला वाचायची परवानगी) पण चालतं. मायएसक्यूएल तर अजून अवघड, कॉन्फिग फाईल सगळ्यांना लिहिता येईल अशी केली की एक वॉर्निंग देऊन ती फाईल चक्क वाचतच नाही, आणि तुम्ही सेटिंग का लागत नाही म्हणून तासभर शोधताय. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर परमिशन सगळ्या बरोबर असून पण वेबसर्व्हर डेटाबेसला पोचत नसेल तर एसईलिनक्स, म्हणजे परमिशनच्या वरचा वेगळा सुरक्षा पहारा, बघा, ते कायमचं बंद करायची गरज नाही, 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी' हे बूलियन (ऑन-ऑफ सेटिंग) ऑन करायचं.

पोस्टग्रेस १५ पासून साध्या युजरला पब्लिक स्कीमामधे (टेबलं ठेवायचा नेहमीचा कप्पा) टेबल बनवता येत नाही, जुनी ट्यूटोरियल वाचून करणारे इथे अडकतात. डेटाबेसचा ओनरच तुमच्या ॲपचा युजर करा, प्रश्न सुटतो. डेबियनवर पोस्टग्रेसचं नवीन व्हर्जन टाकलं आणि डेटा गायब वाटला तर घाबरू नका, जुना क्लस्टर (डेटाबेसचा अख्खा संच) ५४३२ वर तसाच असतो, नवीन रिकामा बहुतेक ५४३३ वर उभा राहतो.

मायएसक्यूएलमधे कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ च ठेवा. जुन्या यूटीएफ८ मधे एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात, मराठी बसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पहिला इमोजी आला की इन्सर्ट फेल.

डेटाबेस आपोआप मरतोय आणि त्याच्या लॉगमधे काहीच नाही? कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग बघा, छोट्या मशीनवर मेमरी संपली की कर्नल सगळ्यात जाड प्रोसेस मारतो आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसच असते.

आणि सिस्टिमसीटीएलने सर्व्हिस स्टार्ट केली म्हणजे ती एनेबल झाली, म्हणजे रीबूटनंतर आपोआप चालू होईल, असं नाही. सगळं लागलं की युजर यायच्या आधी मशीन एकदा रीबूट करून बघा, वेबसर्व्हर आणि डेटाबेस या दोन्ही सर्व्हिस स्वतःहून उभ्या राहतायत का ते.