सोयाबीन काढताय? मग 'कोरडं हवामान' वाचताना या चुका टाळा

घट बसले की आमच्या लातूर भागात सगळ्यांचा एकच प्रश्न, पाऊस गेला का? हवामान खात्याच्या हिशोबानं मान्सून १७ सप्टेंबरच्या आसपास राजस्थानातून माघारी फिरतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून निघतो, पण ही सरासरी आहे राव, पंचांगातला मुहूर्त नाही.

सगळ्यात जास्त घोळ 'तुरळक' या शब्दाचा. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' वाचलं की लोक म्हणतात थोडासाच येईल. अहो, तुरळक ठिकाणं आहेत, पाऊस नाही! चारातल्या फारतर एका ठिकाणी पडेल, पण पडेल तिथं धो धो पडू शकतो. आमच्या रानात चिखल आणि ओढ्यापलीकडं मेव्हण्याकडं फुफाटा, असं झालंय.

मोबाईलवरचं सूर्याचं चित्र बघून मजूर सांगू नका, वारं बघा. पश्चिमेचं वारं मोडून उत्तर-पूर्वेकडनं कोरडं सुटलं, दुपारी ओठ फुटायला लागले, पहाटे दव पडलं, तर हवा फिरली समजा. सकाळपासनंच घामाच्या धारा आणि दुपारी ढगांचे मनोरे चढत असतील तर आधी झाकायला ताडपत्री बाहेर काढा.

आता पाऊस नसताना माल खराब होतो त्याचं काय? मागच्या साली चार दिवस कडक ऊन होतं, तरी आडतीवर मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, १८ टक्के आला, हमीभावाला १२ च्या आत लागतो. चूक माझीच. कोरड्या वाऱ्यात दुपारी शेंगा तडकतात म्हणून सकाळी कापलं, ते बरोबर, पण दवानं ओलं असतानाच गंजी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावली आणि वरनं ताडपत्री गच्च आवळली. तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर चुलीजवळ घातल्यासारखा गरम, कुबट वास आणि खालच्या शेंगांवर पांढरी बुरशी. म्हणून सकाळी कापलेलं तिथंच पसरू द्या, एकदा उलथापालथ करा, खडखडीत वाळल्यावरच उंचवट्यावर गंजी लावा. ऊन असेल तर ताडपत्री दिवसा उघडी, रात्री झाकायची, आणि वाऱ्यानं उडते म्हणून नुसते दगड ठेवू नका, दोरीनं बांधा.

मळणीला पण घाई नको. दाणा दाताखाली धरा, दबला तर अजून एक ऊन द्या, कट्ट वाजला तर मशीनवाल्याला फोन करा.