'मन ला यहजुरुहुल फकीह' वाचताय? मग या चुका टाळा

शिया इस्ना अशरींच्या (बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या) चार मूळ हदीससंग्रहांपैकी नवख्यांच्या हाती सगळ्यात आधी पडतो तो शेख सदूक यांचा 'मन ला यहजुरुहुल फकीह'. नावातच आहे की ज्याच्याजवळ फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, हजर नाही त्याच्यासाठी हा ग्रंथ. खंड चारच, सनदींची (कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळ्यांची) लांबण नाही आणि तहारत (शुद्धी), नमाज, जकात, रोजा, हज असे ओळखीचे विषय. त्यात आता मोबाइलवर शोधायची सोय झाल्यामुळे पाच मिनिटांत कोणीही एखादी रिवायत, म्हणजे इमामांच्या हवाल्याने आलेलं कथन, काढून दाखवतो. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांची टिपणं, रमजान पुरवण्यांचे लेख तपासताना त्याच त्या चुका इतक्यांदा समोर येतात की एकदा त्या लिहून काढणं भाग आहे.

एक रिवायत सापडली की पंथाचा नियम जाहीर करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका मासिकाच्या रमजान विशेषांकात एका उत्साही लेखकाने ठामपणे लिहिलं की शियांचा रमजान कायम तीस दिवसांचा असतो, एकोणतीसचा कधीच नसतो. आधाराला 'अल-फकीह'मधली रिवायत क्रमांकासकट दिली होती. खात्री करायची म्हणून त्याने भेंडीबाजारातल्या एका बोहरी परिचितालाही विचारलं. "हो, आमचा रमजान तीसचाच," असं उत्तर आल्यावर त्याला वाटलं, किताबही सांगते, माणूसही सांगतो, आता शंका कसली? अंक छापला गेला. त्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला, डोंगरीतल्या इस्ना अशरी घरांत दुसऱ्या दिवशी ईद झाली आणि संपादकांकडे पत्रं आली. आमची ईद चुकली असं तुम्हाला म्हणायचंय का, असा त्यांतला सूर होता. त्या पत्रांना उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रिवायत खोटी नव्हती. हुजैफा बिन मन्सूर सहावे इमाम जाफर सादिक यांच्या हवाल्याने सांगतात की रमजान तीस दिवसांचा असतो, तो कधी घटत नाही. ती रोज्याच्या प्रकरणात शेवटी-शेवटी, किरकोळ रिवायतींच्या बाबात (उपप्रकरणात) आहे. पण त्याच प्रकरणात आधी चंद्रदर्शनाचा स्वतंत्र बाब आहे. तिथे मुहम्मद बिन मुस्लिम पाचवे इमाम बाकिर यांच्याकडून सांगतात की चंद्र दिसला की रोजे धरा, दिसला की सोडा, अंदाजाने ठरवू नका. थोडी पानं मागे उलटली असती तरी लेखक थबकला असता.

आता पुढचं पाहा. सदूक स्वतः तीस दिवसांच्या बाजूचे होते आणि विरोधी मताबद्दल त्यांनी कडक शब्द वापरले आहेत. प्रस्तावनेत ते सांगतातच की जे जे ऐकलं ते सगळं मी इथे भरत नाही, ज्यावर मी फतवा देतो आणि जे मला खरं वाटतं तेवढंच घेतो. म्हणजे या ग्रंथात निवड सदूकांची आहे, निवाडाही त्यांचाच. हिजरी ३८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९९१ मध्ये ते वारले. त्यांचेच शिष्य शेख मुफीद यांनी मोसुलच्या लोकांना दिलेल्या उत्तरांत गुरूंचं हे मत खोडून काढलं. मुफीदांचे शिष्य शेख तूसी यांनी 'तहजीबुल अहकाम'मध्ये हुजैफांची ती रिवायत समोर ठेवून तिची चिकित्सा केली. त्यांचे आक्षेप वाचण्यासारखे आहेत. हा मजकूर जुन्या मूळ संकलनांत कुठे मिळत नाही. हुजैफांची स्वतःची किताब प्रसिद्ध आहे आणि तिच्यात तो नाही. शिवाय हुजैफा कधी थेट इमामांकडून सांगतात, कधी मुआज बिन कसीर यांना मध्ये घालतात, तर कधी तेच स्वतःचं मत म्हणून देतात. असा डळमळीत आधार कुरआन आणि असंख्य मार्गांनी आलेल्या चंद्रदर्शनाच्या रिवायतींपुढे टिकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. इस्ना अशरींत पुढे हेच मत रुजलं.

म्हणून माझी सवय अशी की एक रिवायत हाती आली की तोच बाब चारही किताबांत, त्याच बैठकीत उघडायचा: कुलैनींच्या 'अल-काफी'चा फुरूअ हा आचारनियमांचा भाग, मग 'अल-फकीह', मग तूसींचे 'तहजीब' आणि 'इस्तिब्सार'. परस्परविरोधी रिवायतींचा मेळ घालण्यासाठीच तूसींनी 'इस्तिब्सार' रचला, तरी नवखे तो सगळ्यात शेवटी उघडतात किंवा उघडतच नाहीत. आणि प्रश्न आजच्या आचरणाचा असेल तर त्यानंतर मरजांचा, म्हणजे ज्यांचे निर्णय आज पाळले जातात त्या सर्वोच्च धर्मशास्त्रींचा, 'तौजीहुल मसाइल' हा नियमग्रंथ. वेळ नाही म्हणणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की वेळ नसेल तर त्या विषयावर लिहू नका. शब्द टाकून शोधलं की तो शब्द असलेली ओळ मिळते, तिला छेद देणारी शेजारची ओळ मिळत नाही.

बोहरी आणि इस्ना अशरी एकाच टोपलीत टाकणं

वरच्या गोष्टीतला बोहरी परिचित खरंच बोलत होता. दाऊदी बोहरा समाज इस्माइली परंपरेतला. त्यांचं फातिमी कॅलेंडर गणिताने चालतं. विषम महिने तीसचे, सम महिने एकोणतीसचे, आणि रमजान नववा, म्हणून कायम तीसचा. त्यांच्या फिक्हचा (धर्मनियमांच्या शास्त्राचा) पाया काझी नुअमान यांचा 'दआइमुल इस्लाम' आहे. चार किताबांवर ती परंपरा उभी नाही. 'दआइम'ची अरबी संहिता संपादित करून कैरोत छापून आणली ती आसफ अली असगर फैजी यांनी. त्यांचा जन्म माथेरानचा, आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य होते. ज्या शहरात हे काम करणारा माणूस वावरला, तिथल्या लेखकांनी तरी हा घोळ घालू नये.

चार किताबांना 'सगळ्या सहीह' (पूर्ण विश्वसनीय) समजणं

अखबारी, म्हणजे रिवायतींवरच भिस्त ठेवणारे, विद्वान जवळपास तसं मानत. तर्काने चिकित्सा करणाऱ्या उसूली परंपरेत मात्र प्रत्येक रिवायत तपासली जाते, आणि आज तीच परंपरा प्रमुख आहे.

कुनियत ('अबू अमुक', म्हणजे 'अमुकचा बाप', असं नाव) पाहून माणूस ठरवणं

मुहर्रमच्या मजलिसीत 'अबू अब्दिल्लाह' म्हणजे इमाम हुसैन. हदीसच्या किताबांत बहुतेक वेळा इमाम सादिक. 'अबुल हसन' सातवे, आठवे किंवा दहावे इमाम असू शकतात. रावी (रिवायत सांगणारा) कोणाच्या काळातला ते पाहिल्याशिवाय नाव लिहू नका. सदूक आपले उस्ताद म्हणून 'मुहम्मद बिन हसन' म्हणतात ते इब्नुल वलीद. तूसींचंही नाव तेच आहे म्हणून तूसी लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत. तूसींचा जन्म सदूक वारल्यानंतरचा.

सनद नाही म्हणजे निराधार. छापलंय म्हणजे इमामांचं वचन

दोन्ही टोकं चुकीची. ग्रंथ आटोपशीर राहावा म्हणून सदूक बहुतेक ठिकाणी मूळ रावीचं फक्त नाव देतात, उदाहरणार्थ जुरारा. त्या नावापर्यंतची साखळी चौथ्या खंडाच्या शेवटी 'मशीखा'त आहे. तिथली जवळपास प्रत्येक नोंद एकाच साच्यातली: या किताबात अमक्याकडून जे आलं ते मला माझ्या वडिलांनी सांगितलं, त्यांना तमक्याने. मशीखा न उघडता "सदूकांनी सनद दिलेलीच नाही" असं लिहिणारे मला फार भेटतात. त्याच वेळी साधारण तिसरा हिस्सा रिवायतींची साखळी खरोखरच तुटलेली आहे आणि त्या किती स्वीकाराव्यात यावर विद्वानांत मतभेद आहेत, हेही सांगायला हवं.

दुसरी बाजू अशी की मजकुरात सदूकांची स्वतःची वाक्यं मिसळलेली आहेत. "माझ्या वडिलांनी मला लिहिलेल्या रिसाल्यात म्हटलं आहे" असं सांगून ते वडिलांचे, अली बिन बाबवैह यांचे, फतवेही देतात. घाईने वाचणारा ते इमामांच्या नावावर खपवतो. माझ्या प्रतीत मशीखापाशी लाल दोरा कायमचा आहे, आणि जिथे सदूक स्वतः बोलू लागतात तिथे समासात पेन्सिलीची उभी रेघ. रेघ कुठे संपवायची हे कधी कधी ठरत नाही. अशा जागी मी 'तहजीब' आणि 'काफी'त तेच शब्द शोधते. तिथे इमामांच्या नावाने मिळाले तर रिवायत, नाहीतर समासात प्रश्नचिन्ह ठेवते.

'वसाइल'चा हवाला देऊन मोकळं होणं

हुर्र आमिली (हिजरी १०३३–११०४) यांनी 'वसाइलुश शिया'त चार किताबांसह इतर अनेक ग्रंथांतल्या सुमारे ३६ हजार रिवायती विषयवार लावल्या. काम अफाट आहे. पण ते लांब रिवायतींचे तुकडे करून वेगवेगळ्या बाबांत ठेवतात, आणि बाबांची शीर्षकं म्हणजे त्यांचे स्वतःचे फतवे आहेत. तुकडा वाचून निष्कर्ष काढू नका, मूळ ग्रंथात संपूर्ण रिवायत पाहा. खंड-पान जुळत नसेल तर लेखकाला खोटं ठरवण्याआधी आवृत्ती तपासा. एक प्रचलित आवृत्ती २० खंडांची, दुसरी ३०. हवाल्यात बाब आणि रिवायतीचा क्रमांक द्यायची सवय लावली तर हा त्रास राहत नाही.

वकिलांसाठी

वारसा, वक्फ किंवा तलाकच्या प्रकरणात 'अल-फकीह'मधली रिवायत थेट कोर्टापुढे ठेवायचा मोह होतो. शिया वक्फाच्या बाकर अली खान खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने बजावलं आहे की जुन्या धर्मशास्त्रींनी स्वतः जो निष्कर्ष काढला नाही, तो केवळ तर्काला पटतो म्हणून प्राचीन वचनांतून नव्याने काढू नये. आपल्याकडे शिया कायद्यासाठी कोर्टात चालतो तो मुहक्किक हिल्ली यांचा 'शराइउल इस्लाम'. आधी त्यातला मसला (नियम) काढा, त्यावरचे निकाल वाचा, आणि तो नियम कुठून आला हे समजून घ्यायचं असेल तेव्हा सदूकांचा बाब उघडा.