नवले पुलाचे अपघात नकाशावर कसे मांडायचे

पुण्यात मुंबई-बंगळुरू महामार्गावरच्या नवले पुलाबद्दल "नवले पुलाजवळ पुन्हा अपघात" असं पेपरात येतं, पण प्रत्यक्षात ती गाडी कधी दरी पुलाजवळ उलटलेली असते, कधी नऱ्ह्याच्या सेल्फी पॉइंटला तर कधी भूमकर चौकाजवळ, त्यामुळे बातम्यांवरून ठिपके टाकले की सगळे एकाच जागी येतात आणि नकाशा चुकतो. म्हणून आधी जागा नीट शोधा. एफआयआरमध्ये एखाद्या हॉटेलसमोर, पेट्रोल पंपाजवळ असा उल्लेख असतो, तो गुगल मॅपवर सापडला की त्या जागेवर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात, ते शीटमध्ये टाका.

शीटमध्ये त्याशिवाय तारीख, वेळ, दिशा, वाहन, मृत, गंभीर जखमी एवढे कॉलम पुरे. वेळ अपघाताचीच घ्या, गुन्हा नोंदवल्याची नाही, दोन्हींत कधी कधी अख्ख्या रात्रीचा फरक असतो! आणि दिशा विसरू नका, कारण साताऱ्याकडून येणारा कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर लांब उतारावर असतो आणि समोरून येणारा चढावर, दोघांचे ठिपके मिसळले तर काहीच कळत नाही.

मग ती शीट गुगल माय मॅप्समध्ये टाका, किंवा क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हीटमॅप होतो, म्हणजे ठिपके दाट असतील तिथे लाल दिसणारा नकाशा. प्रत्येक ठिपक्याभोवतीची त्रिज्या आधी २५० मीटर ठेवून बघा, एक किलोमीटर ठेवली तर अख्खा उतार लाल दिसतो. सरकारी व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा पट्टा, जिथे ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले ५ अपघात झालेत किंवा १० जण गेलेत, म्हणून डेटा निदान ३ वर्षांचा घ्या.

वेळेसाठी शीटमध्येच पिव्होट टेबल (कधी किती अपघात ते मोजणारा तक्ता) करा, आडवे वार, उभे तास.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ठिपका पडतो तो गाडी आदळते तिथे, पण ट्रक न्यूट्रलवर टाकलेला असतो किंवा ब्रेक तापलेले असतात ते कितीतरी वर. २० नोव्हेंबर २०२२ ला एकाच अपघातात अनेक गाड्यांचं नुकसान झालं, त्याचा एकच ठिपका काढून काय समजणार? म्हणून गाडी वर कुठून सुटली ते एफआयआरमध्ये असेल तर वेगळ्या रंगाने दाखवा, आणि दिवसा सर्व्हिस रोडवरून चालत जाऊन बघा, वाकलेलं रेलिंग, कडेला काचेचा चुरा, टायरचे काळे पट्टे कुठून सुरू होतात ते. फोटोची लोकेशन चालू ठेवा म्हणजे तेही नकाशावर येतात.