जुनी स्पोर्ट क्वाड घरी दुरुस्त करून चालती करायची असेल तर

दोन-तीन पावसाळे शेडमध्ये उभी राहिलेली क्वाड (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी, म्हणजे एटीव्ही) हाती आली की पहिला मोह एकच होतो: बॅटरी लावायची, ताजं पेट्रोल टाकायचं आणि स्टार्टर दाबायचा. तेवढं मात्र करू नका. सिलिंडरमध्ये धूळ किंवा गंज असेल तर त्या दोन मिनिटांत पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) दोन्ही ओरखडतात, आणि किरकोळ साफसफाईत निघालं असतं ते काम इंजिन खोलण्यावर जातं. शिवाय इंजिन सुरू झालं की माणूस लगेच एक चक्कर मारून बघतो, आणि ढिल्या बॉल जॉइंटवर (पुढचं चाक वळवणारा गोलाकार सांधा), कोरड्या ब्रेकवर मारलेली ती चक्करच महागात पडते. आधी गाडी थांबली आणि वळली पाहिजे. चालण्याचं नंतर बघू.

इथे उदाहरणाला सुझुकी क्वाडस्पोर्ट झेड ४०० घेतली आहे. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली होती. ३९८ सीसी, वॉटर कूल्ड, चेन ड्राइव्ह, कोरडं वजन (पेट्रोल, ऑइल न धरता) १६९ किलो. कावासाकी केएफएक्स ४०० आणि आर्क्टिक कॅट डीव्हीएक्स ४०० म्हणजे जवळजवळ हीच गाडी, त्यामुळे स्पेअर शोधताना तिन्ही नावांनी शोधा. २००८ पर्यंतच्या मॉडेलला कार्बोरेटर, २००९ पासून फ्युएल इंजेक्शन. दुसरी कुठली फोर-स्ट्रोक स्पोर्ट क्वाड असली तरी कामाचा क्रम हाच राहतो, आकडे मात्र त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या.

पैसे देण्याआधी कागद बघा. खरेदीचं बिल, आयात केलेली असेल तर कस्टमचे कागद, आणि फ्रेमवर व इंजिनवर ठोकलेले नंबर कागदाशी जुळले पाहिजेत. फ्रेमचा नंबर घासलेला दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नोंदणी नसलेली क्वाड सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर नाही आणि गावातल्या डांबरी रस्त्यावरही नाही. ती शेतावर, खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची, आणि तिथपर्यंत पिकअपमध्ये न्यायची.

एअरबॉक्समध्ये बोट घाला

सीट काढा, एअरबॉक्सचं झाकण उघडा, फोमचा फिल्टर बाहेर काढा. आता फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून स्वच्छ पांढरं कापड गुंडाळलेलं बोट फिरवा. कापड स्वच्छ निघालं किंवा तेलकट काळं झालं तर ठीक. त्यावर तांबूस-करडी बारीक पूड आली, बोटांत चोळल्यावर करकर लागली, तर इंजिनाने धूळ खाल्लेली आहे. मग विक्रेता काहीही सांगो, रिंगा, पिस्टन आणि सिलिंडर मोजावे लागणार असं धरून भाव करा. बागेतल्या वाटांची धूळ पिठासारखी असते. फोम सुका असेल किंवा कडेला ग्रीस नसेल तर ती थेट आत जाते.

फोमचं आयुष्यही इथेच तपासा. दाबल्यावर चुरा होत असेल तर तो टाकून द्या. नवा फोम बसवताना फिल्टर ऑइल संपूर्ण फोममध्ये मुरवा, जास्तीचं दाबून काढा (पिळू नका, फोम फाटतो) आणि बसण्याच्या कडेला ग्रीसची पातळ रेघ द्या. इंजिन ऑइल वापरलं तर ते हळूहळू खाली उतरतं आणि वरचा भाग कोरडा पडतो.

फ्रेम आणि मागचा एक्सल

प्लास्टिक उतरवा, गाडी धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंग, सील आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नका. काळी माती जाळीत घट्ट बसते. ती भिजवून, मागच्या बाजूने साध्या नळीने पाणी सोडून काढा, नाहीतर फिन्स आडव्या होतात. फ्रेम सुकल्यावर टॉर्च तिरकी धरून वेल्डच्या कडा बघा: वरच्या ए-आर्मचे (पुढचं चाक धरणारा त्रिकोणी दांडा) कान, शॉकची वरची बैठक, स्विंगआर्मचा (मागचा एक्सल धरणारा दांडा) पिव्हट म्हणजे बिजागरी, फूटपेगचे ब्रॅकेट. रंगात केसाएवढी तांबडी रेघ दिसली तर तिथे तडा आहे असं समजा. वेल्डिंग करायचं तर रंग खरवडून, तड्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडून, आणि अनुभवी वेल्डरकडूनच. बॅटरी आणि इंजिनाची इलेक्ट्रॉनिक पेटी (सीडीआय किंवा ईसीयू) आधी काढून ठेवा.

आता मागची बाजू स्टँडवर उचला. एक चाक वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर ती चाकाची नसून एक्सलच्या बेअरिंगची किंवा स्विंगआर्म पिव्हटची आहे. कुठली ते ओळखायला मदतनिसाला स्विंगआर्म घट्ट धरायला सांगा. तरी खेळ राहिला तर एक्सल बेअरिंग. एक्सल वाकलाय का हे बघायला हबशेजारी तारेचा काटा स्थिर ठेवा, चाकं काढून एक्सल फिरवा आणि काटा व एक्सलमधली फट बदलते का पाहा. डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) असेल तर उत्तम. फट स्पष्ट दिसण्याइतकी बदलत असेल तर एक्सल नवा घ्या. सरळ करून घेतलेला एक्सल पुन्हा वाकतो.

एक्सलचे मोठे लॉकनट लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून बसवलेले असतात. थंडच नटावर लांब पाइप घालून जोर लावला तर आटे जातात. हीट गनने नट चांगला तापवा, लॉकटाइट मऊ होऊ द्या, मग फिरवा. स्विंगआर्मचा पिव्हट बोल्ट गंजून अडकलेला असतो, हा क्वाडमधला सगळ्यात चिवट बोल्ट. दोन्ही बाजूंनी पेनिट्रेटिंग ऑइल मारून दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं सोडा, आधी फिरवायचा प्रयत्न करा, फिरला की मगच ड्रिफ्टने (ठोकायची धातूची कांडी) बाहेर ठोका. फिरतच नसेल तर ठोकू नका, टोक फुलतं. त्यापेक्षा नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असलेला बघा आणि स्विंगआर्मसकट त्याच्याकडे न्या.

बेअरिंग आणि ऑइल सील कंपनीच्या पाकिटातलेच हवेत असं नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर आणि सीलवरची तीन मापं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) वाचून चांगल्या ब्रँडचं तेच घ्या. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सीलचं घ्या, पत्र्याच्या झाकणाचं नको. बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाब द्या. आतल्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिनाभरात आवाज करायला लागतं. चेन ५२० मापाची असते, हे माप आपल्याकडच्या मोटरसायकलींतही चालतं, त्यामुळे मिळायला अडचण नाही. कड्यांची संख्या जुन्या चेनवरून मोजा. दोन्ही स्प्रॉकेट चेनबरोबरच बदला.

पुढच्या बाजूला ए-आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि चाकाची बेअरिंग असा क्रम ठेवा. बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं असेल तर जॉइंट आतून संपलेला असतो. नुसतं बूट बदलून उपयोग नाही. टाय रॉड बदलताना आधी आट्यांचे फेरे मोजून लिहून ठेवा. शेवटी हँडल सरळ बांधून, दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूची खूण करून, एक्सलच्या उंचीवर पुढचं आणि मागचं अंतर मोजा आणि टो (या दोन अंतरांतला फरक) मॅन्युअलप्रमाणे लावा.

ब्रेक

कॅलिपर पूर्ण खोला. पिस्टन अडकला असेल तर त्याच्यासमोर लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हवेच्या दाबाने बाहेर काढा. समोर बोट ठेवू नका, पिस्टन गोळीसारखा सुटतो. पिस्टनवर खड्डे दिसले तर पिस्टन नवा, सील तर नवीनच. सीलला पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगून ब्रेक धरून बसतो. बसवताना ब्रेक फ्लुइडच लावा. बांजो बोल्टचे (ब्रेकची नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर दर वेळी नवे. ताज्या सीलबंद डब्यातलं डॉट ४ ब्रेक फ्लुइड भरा, आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

मग इंजिन

सगळं जुनं ऑइल काढा. झेड ४०० चं इंजिन ड्राय संपचं आहे, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असतं. क्रँककेस आणि टाकी, दोन्हींचे ड्रेन उघडावे लागतात. ऑइल दुधाळ असेल तर वॉटर पंपाचं ऑइल सील किंवा हेड गॅस्केट गेलंय. पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकलं असेल तर पंपाचं मेकॅनिकल सील गेलंय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, एम-सीलने बुजवू नका.

या ड्राय संपमुळे एक चूक हमखास होते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल टाकीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी कमी दिसते, माणूस वरून ओततो आणि मग एअरबॉक्स ऑइलने भरतो. पातळी बघायची ती इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवून, बंद करून, थोडं थांबून. ऑइल १०डब्ल्यू-४०, डब्यावर जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलमधल्या क्लचला चालणारं) लिहिलेलंच. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो.

कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नका. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत स्टार्टरला हलकं जावं म्हणून डीकॉम्प्रेसर (सुरू करताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडणारी यंत्रणा) असतो, त्यामुळे ठणठणीत इंजिनही गेजवर कमी दाखवतं. लीक-डाउन टेस्ट करा: पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला), सगळे व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या जागेतून हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून म्हणजे इनटेक, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणारी नळी) म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. गळती वीस टक्क्यांच्या वर असेल तर इंजिन खोला.

खोललं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या सिलिंडरच्या आत कडक धातूचा लेप आहे, ओतीव लोखंडाची स्लीव्ह नाही. नेहमीच्या मोटरसायकलीसारखं बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की लेप निघतो आणि खाली मऊ अॅल्युमिनियम उरतं. कामाला देण्याआधी कारागिराला हे तोंडी सांगा. लेपावर खोल चरे असतील तर नवं सिलिंडर, स्लीव्ह किंवा पुन्हा लेप चढवणं हाच मार्ग.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स इंजिन थंड असताना मोजायचा: इनटेक ०.१० ते ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.२० ते ०.३० मिमी. फट कमी-जास्त करणाऱ्या चकत्या (शिम) व्हॉल्व्हवरच्या टोपीखाली (बकेट) असतात, म्हणजे कॅमशाफ्ट उचलावे लागतात. त्याआधी टायमिंगच्या खुणांचे फोटो काढा आणि टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा, खाली घसरली तर अर्धा दिवस जातो. प्लग सीआर७ई, गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

पेट्रोलची टाकी प्लास्टिकची असते, त्यामुळे गंजाची भीती नाही, पण आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शोषलं जातं आणि ते उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये हिरवट-पांढरा थर धरतं. पायलट जेटचं (आयडलला पेट्रोल देणारी बारीक तोटी) भोक सगळ्यात आधी बुजतं. म्हणून गाडी चोक ओढला की चालते आणि चोक सोडला की बंद पडते. जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा वापरा. इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबरी जोडाला वाकवून तडे बघा.

वायरिंगला उंदरांचा त्रास ठरलेला. सीटखालची आणि हेडलाइटमागची हार्नेस हाताने चाचपत जा, अर्थच्या जागा घासून स्वच्छ करा. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चढ्या आरपीएमला असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दाखवली तर चार्जिंग ठीक.

प्लास्टिक आणि रंग

फ्रेमचं पावडर कोटिंग दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. पावसाळी दमटपणात उघडी ठेवलेली सँडब्लास्ट केलेली फ्रेम एका रात्रीत तांबूस होते. कोटिंगला देताना नंबरची जागा, बेअरिंगच्या बैठका आणि आटे टेपने झाकायला सांगा. प्लास्टिक पॉलिथीनच्या जातीचं असतं, त्यावर फेविक्विक आणि रंग दोन्ही टिकत नाहीत. तडा असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी सोल्डरिंग आयर्नने आतल्या बाजूने वितळवून जोडा.

पहिली फेरी

टायर पुढे २२×७-१०, मागे २०×१०-९. हवा फक्त चारेक पीएसआय लागते. पंपावरच्या गेजवर एवढी कमी हवा नीट कळत नाही आणि तिथे भरायला गेलं तर टायर फुगून रिमवरून उसळतो. कमी दाबाचा गेज विकत घ्या आणि सायकलच्या पंपाने भरा. डावं-उजवं सारखं नसेल तर गाडी एका बाजूला ओढते.

इंजिन चालू करून पंखा सुरू होईपर्यंत तापू द्या, मग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन वेळा. पहिली चक्कर सपाट, मोकळ्या जागेत, हेल्मेट, बूट आणि हातमोजे घालून, एकट्यानेच. स्पोर्ट क्वाडवर मागे दुसरा माणूस बसवायचा नसतो, वजन मागे गेलं की पुढची चाकं उचलतात. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती ही गाडी देऊ नका. तासाभराच्या चालवण्यानंतर चाकांचे नट, एक्सलचे लॉकनट, ए-आर्मचे बोल्ट आणि सायलेन्सर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, ऑइल बदला, आणि फिल्टरच्या पलीकडे पांढरं कापड एकदा परत फिरवून बघा.